अध्यापन-केस लिहून परिषदेला पाठवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमबीए, बीबीए किंवा कृषी-व्यवसाय व्यवस्थापन शिकवणारे बरेच सहकारी केस, म्हणजे वर्गात चर्चेसाठी मांडलेला निर्णयाचा खरा प्रसंग, लिहायचं मनात घेतात. परिषदेची सूचना आली की फोन करतात आणि मुदत टळली की गप्प होतात. त्यांनी मला विचारलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मी केस शिकवते आणि लिहितेही, त्यामुळे काही ठिकाणी माझं मत ठाम आहे.

अध्यापन-केस आणि संशोधनातली केस स्टडी एकच का?

नाही, आणि सर्वात जास्त लेख परत येतात ते या गोंधळामुळे. संशोधनातल्या केस स्टडीत लेखक प्रश्न मांडतो, माहिती गोळा करतो, विश्लेषण करतो आणि निष्कर्ष काढतो. अध्यापन-केसमध्ये शेवटची दोन कामं विद्यार्थ्यांची असतात. तुम्ही त्यांना एका खऱ्या माणसाच्या खुर्चीत बसवता, त्याच्यापुढे होते तेवढेच कागद त्यांच्यापुढे ठेवता आणि बाजूला होता. ‘यावरून असे दिसते की’ हे शब्द केसमध्ये आले, की समजा तुम्ही विद्यार्थ्याच्या ताटातला घास उचललात.

ही पद्धत आली कुठून?

कायद्याच्या वर्गातून. हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये क्रिस्टोफर लँगडेल यांनी १८७० मध्ये न्यायनिवाडे वाचून कायदा शिकवायला सुरुवात केली. हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ चं. १९१९ मध्ये तिथे डीन झालेले वॉलेस डोनहॅम कायदा शिकलेले होते आणि त्यांनी ही रीत व्यवसाय-शिक्षणात रुजवली. पण धंद्यात न्यायनिवाडे छापून येत नाहीत, म्हणून केसेस मुद्दाम लिहाव्या लागल्या. १९२१ मध्ये क्लिंटन बिडल यांनी एका बूट कंपनीवर लिहिलेली केस पहिली मानतात. ती जेमतेम एका पानाची होती आणि विषय होता सुट्टी व्हायच्या आधीच काम थांबवणारे कामगार. भारतात ही पद्धत रुजली ती १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आयआयएम अहमदाबादमुळे. त्या संस्थेच्या उभारणीत हार्वर्ड बिझनेस स्कूलचं सहकार्य होतं.

ते एक पान मी नव्या लेखकांना नेहमी आठवून देते. केसला मोठी कंपनी लागत नाही, अडलेला माणूस लागतो.

आमच्या गावात मोठ्या कंपन्या नाहीत. तालुक्यातल्या उद्योगावर लिहिलेली केस चालेल का?

चालेल, आणि माझ्या मते तीच लिहावी. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाची सुरुवात डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर केली. त्यावर कस्तुरी रंगन यांनी १९९३ मध्ये हार्वर्डसाठी लिहिलेली केस जगभर शिकवली गेली. मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्डच्या स्टीफन थॉम्के यांनी केस लिहिली. डबे आपल्या डोळ्यांसमोरून रोज जात होते आणि केस लिहायला माणूस आला बोस्टनहून, याची मला खरंच चुटपुट लागते.

तुमच्याभोवती काय आहे ते पाहा. कोल्हापूरच्या फाउंड्र्या, इचलकरंजीचे यंत्रमाग, तासगावचा बेदाणा, सांगलीचे हळदीचे सौदे, नाशिकच्या द्राक्ष निर्यातदारांचे पॅकहाउस, चंद्रपूर-गडचिरोलीत तेंदूपानांचे लिलाव स्वतः करणाऱ्या ग्रामसभा. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेलं लिज्जत आज अभ्यासक्रमात आहे. अशा ठिकाणी दर हंगामाला कुणीतरी मोठा निर्णय घेतं आणि तो कुठेही नोंदवला जात नाही. मोठ्या सूचिबद्ध कंपनीवर लिहायला हजार जण आहेत. तुमच्या तालुक्यातल्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलू शकणारे, त्याच्या ओट्यावर बसून चहा घेणारे तुम्हीच.

पण ‘यशोगाथा’ आणि ‘केस’ यात फरक कसा करायचा?

एक साधी कसोटी लावा. एखाद्या विशिष्ट तारखेला, विशिष्ट माणसाला, दोन-तीन पर्यायांतून एक निवडायचा होता का? आणि शहाणी माणसं त्यावर वेगवेगळ्या बाजूंनी वाद घालू शकतील का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर केस आहे. ‘त्यांनी कष्ट केले आणि मोठे झाले’ एवढंच हाती असेल तर तो दिवाळी अंकातला लेख आहे. लेख म्हणून चांगला असेल, पण वर्गात त्यावर पाच मिनिटंसुद्धा चर्चा होणार नाही.

पहिला परिच्छेद कसा लिहावा?

माझ्याकडे तपासायला येणाऱ्या बऱ्याच केसेस ‘भारत हा कृषिप्रधान देश आहे’ किंवा त्याच्या इंग्रजी भावंडाने सुरू होतात. ते वाक्य खोडा. त्याच्या जागी असं काही हवं (उदाहरण आणि आकडे केवळ नमुन्यासाठी आहेत):

‘मार्चचा शेवटचा आठवडा होता. शेतकरी उत्पादक कंपनीचा ४० टन बेदाणा कोल्ड स्टोरेजमध्ये पडून होता. सौद्यात किलोला १४० रुपयांच्या वर बोली जात नव्हती. दुबईचा एक खरेदीदार १५५ रुपये द्यायला तयार होता, पण पैसे माल पोचल्यावर ९० दिवसांनी. सभासदांना १५ एप्रिलपर्यंत उचल द्यायचा शब्द अध्यक्षांनी सर्वसाधारण सभेत दिला होता. बँक माल तारण ठेवून ११ टक्क्यांनी ४० लाख द्यायला राजी होती. पुढचा सौदा गुरुवारी होता.’

सात वाक्यांत माणूस आला, वेळ आली, पैसा आला, दिलेला शब्द आला. आता यात काय नाही ते पाहा. सौद्यात ५६ लाख मिळतात आणि दुबईतून ६२ लाख, म्हणजे सहा लाखांचा फरक, हे लिहिलेलं नाही. ४० लाखांवर ९० दिवसांचं व्याज साधारण १ लाख ८ हजार होतं, हेही नाही. हा हिशेब विद्यार्थ्याने वहीत मांडायचा. मग कुणीतरी हात वर करून विचारेल, ‘मॅडम, निर्यातीसाठी पुन्हा निवडणी करावी लागेल, तिचा खर्च कुठे धरला?’ दुसरा म्हणेल, ‘माल नापास होऊन परत आला तर?’ त्या प्रश्नांसाठी लागणारे आकडे परिशिष्टात असले पाहिजेत, पण न मागता पुढे केलेले नसावेत.

क्रियापदं भूतकाळात ठेवा. ‘कंपनी करते’ लिहिलेली केस दोन वर्षांत शिळी होते, ‘कंपनी करत होती’ लिहिलेली दहा वर्षं टिकते.

पुढे खरोखर काय झालं, ते केसमध्ये सांगायचं का?

नाही. केस निर्णयाच्या आदल्या रात्री थांबली पाहिजे. पुढे काय झालं ते टीचिंग नोटमध्ये, म्हणजे केससोबत फक्त शिक्षकासाठी लिहिलेल्या टिपणात, ‘उपसंहार’ या भागात जातं.

हे पाळणं सोपं नाही, कारण लेखकाला आपल्या नायकाचं कौतुक असतं. माझ्या पहिल्या केसमध्ये शेवटच्या पानावरच्या एका तक्त्यात पुढच्या वर्षीची उलाढाल तशीच राहून गेली होती. मागच्या बाकावरच्या एका मुलीने ती दहाव्या मिनिटाला शोधली, ‘म्हणजे त्यांनी दुसरं युनिट काढलंच’ असं म्हणाली आणि चर्चा तिथेच मेली. त्या दिवसापासून मी प्रत्येक तक्त्याचं शेवटचं वर्ष निर्णयाच्या तारखेशी ताडून पाहते.

माहिती मुलाखतींतूनच घ्यायला हवी का? छापील माहितीवर भागणार नाही?

परिषदेवर अवलंबून आहे. प्रसिद्ध झालेल्या माहितीवर आधारलेल्या केसेस अनेक ठिकाणी घेतात, पण प्रत्यक्ष जाऊन लिहिलेल्या केसचं वजन निराळंच असतं. छापील माहितीवर लिहिणार असाल तर वर्तमानपत्रांच्या कात्रणांवर थांबू नका. सूचिबद्ध कंपन्यांचे वार्षिक अहवाल, आयपीओच्या वेळी सेबीकडे दाखल होणारी माहितीपत्रकं, विश्लेषकांबरोबरच्या कॉलची टिपणं ही सगळी खुली असतात. प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून पाहता येतात.

आणि एक खजिना असा, ज्याकडे इंग्रजीतून शोधणारे कधी पोचतच नाहीत: सहकारी संस्थांचे मराठीत छापलेले वार्षिक अहवाल. सर्वसाधारण सभेच्या नोटिशीबरोबर सभासदांना येणारी ती पुस्तिका घ्या. साखर कारखान्याची असेल तर गाळप, उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण), ऊसदर, कर्जं, लेखापरीक्षकांचे शेरे आणि दोष दुरुस्ती अहवाल, सगळं त्यात सापडतं.

ऐकीव गोष्टींबाबत कडक राहा. डबेवाल्यांना ‘सिक्स सिग्मा प्रमाणपत्र’ (जवळजवळ बिनचूक कामाचं) मिळालंय, हे वाक्य असंख्य सादरीकरणांत फिरत असतं. असं वाक्य उचलण्याआधी ते मुळात कुणी, कुठे, कशाच्या आधारावर म्हटलं याचा माग काढा. माग लागला नाही तर वाक्य सोडा.

उद्योजक ‘लिहा हो, आपलेच आहात’ म्हणतात. लेखी परवानगी लागतेच का?

लागतेच. या बाबतीत मी पोळले आहे. एका कौटुंबिक उद्योगावर मी जवळजवळ वर्षभर काम केलं होतं. थोरल्या मालकांनी तोंडी होकार दिला होता आणि मला कागद मागायचा संकोच वाटला. केस परिषदेत स्वीकारली गेली, आणि त्याच महिन्यात कारभार पुढच्या पिढीकडे गेला. त्यांनी एका ओळीच्या मेलने नकार कळवला. त्यांच्या बाजूने ते योग्यच होतं, कारण त्यांच्या घरचे आकडे होते. केस मी मागे घेतली.

तेव्हा पहिल्या भेटीतच सांगा की दोन सह्या लागतील: एक काम सुरू करताना आणि एक अंतिम मसुदा वाचून झाल्यावर. मजकूर साधा ठेवा: ‘सदर केस मी वाचली आहे. ती वर्गात शिकवण्यासाठी, परिषदेत सादर करण्यासाठी व प्रकाशित करण्यासाठी संस्थेची हरकत नाही.’ खाली नाव, हुद्दा, तारीख, शिक्का. सही करणाऱ्याला तो अधिकार आहे ना हे बघा. सहकारी संस्थेत मॅनेजरची सही पुरेल असं गृहीत धरू नका, संचालक मंडळाची संमती विचारा.

टीचिंग नोट मात्र मंजुरीसाठी द्यायची नसते. तुमचं विश्लेषण तुमचं आहे आणि त्यात संस्थेवर टीका असू शकते.

नावं आणि आकडे बदलले तर?

चालतं. संस्थेचं नाव, गाव, माणसांची नावं बदलता येतात. आकडे बदलायचे तर सगळ्यांना एकाच गुणकाने गुणा, म्हणजे गुणोत्तरं बिघडणार नाहीत. काय बदललं आहे ते तळटीपेत सांगा. संपूर्ण काल्पनिक केस मात्र बहुतेक गंभीर परिषदा घेत नाहीत. वर मी बेदाण्याचा परिच्छेद दिला तो लिखाणाचा नमुना आहे, तो कुठे पाठवता येणार नाही.

मुलाखत मराठीत, केस इंग्रजीत. हे कसं जमवायचं?

आधी टिपण मराठीतच करा, माणूस बोलला तसंच. लगेच इंग्रजीत उतरवलंत तर त्याच्या बोलण्यातली कड जाते. एक कारखान्याचे शेतकी अधिकारी मला म्हणाले होते, ‘टोळ्या पळाल्या की चेअरमनचीपण झोप पळते.’ ऊसतोड मजुरांची टोळी, तिला हंगामाआधी दिलेली उचल, ती बुडण्याची भीती, सगळं त्या एका वाक्यात आहे. त्याचं ‘मनुष्यबळाची कमतरता’ असं भाषांतर केलंत तर हाती काहीच उरत नाही. मूळ शब्द ठेवा आणि पुढच्याच वाक्यात समजावून सांगा.

समजावून सांगण्यात कमी पडू नका. पुण्यातल्या परीक्षकाला एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, माहीत असते, टोरोंटोतल्याला नसते. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के मूळ उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी जाहीर झाली, हा आकडा एकटा दिलात तर त्याला काही कळणार नाही. उतारा म्हणजे काय, महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च त्या दरातून वजा होऊनच शेतकऱ्याच्या खात्यावर पैसे का येतात, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचं बंधन असताना साखर मात्र वर्षभर थोडी थोडी का विकली जाते, हे अर्ध्या पानात मांडा. मग कारखान्याच्या कार्यकारी संचालकाची अडचण त्याला आपोआप दिसेल. लाख-कोटींच्या शेजारी मिलियनमधला आकडाही द्या.

टीचिंग नोट केस स्वीकारल्यावर दिली तर चालेल ना?

चालणार नाही. बहुतेक परिषदा दोन्ही एकदम मागतात आणि परीक्षक बऱ्याचदा नोट आधी वाचतात. मीही तसंच करते. नोट कच्ची असेल तर लेखकाने ही केस कधी शिकवलेली नाही हे लगेच कळतं.

नोटमध्ये सारांश असतो, कोणत्या विषयाच्या कोणत्या टप्प्यावर केस वापरायची ते असतं, शिकण्याची उद्दिष्टं असतात, चर्चेचे प्रश्न आणि त्यांची सविस्तर उत्तरं असतात, वेळेचं नियोजन, फळ्याचा आराखडा, माहिती कशी मिळवली त्याची नोंद आणि शेवटी उपसंहार. उद्दिष्टं तीन-चारच ठेवा आणि प्रत्येक प्रश्न कोणत्या उद्दिष्टासाठी आहे ते दाखवा.

जीव ओतायचा तो प्रश्नांत. ‘स्वॉट विश्लेषण (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके) करा’ हा प्रश्न कोणत्याही केसला लावता येतो, म्हणून तो कुठल्याच केसचा नाही. बेदाण्याच्या केसमध्ये मी विचारेन: ‘तुम्ही अध्यक्ष असता तर गुरुवारच्या सौद्यात किती टन काढले असते?’ उत्तर आकड्यात द्यावं लागतं, त्यामुळे अंग चोरता येत नाही. कुणी १० म्हणेल, कुणी ४०, कुणी शून्य. फळ्यावर तिन्ही लिहायचे आणि शून्यवाल्याला विचारायचं, ‘१५ एप्रिलला सभासद दारात आले तर काय सांगाल?’ तारण कर्जाचा हिशेब मग वर्गातूनच निघतो. नोटमध्ये हा प्रवास लिहा: कुठे वर्ग अडतो, कुठली चूक हमखास होते (ही केस शिकवली तर बरेच जण कोल्ड स्टोरेजचं भाडं विसरतील), आणि तेव्हा शिक्षकाने काय विचारावं.

हे शिकवल्याशिवाय लिहिता येत नाही. पाठवण्याआधी निदान एका वर्गात केस चालवून बघा आणि सहकाऱ्याला मागे बसवून टिपणं काढायला सांगा.

केस किती लांब असावी?

परिषदेची मर्यादा पाळा. ती दिलेली नसेल तर परिशिष्टं सोडून तीन ते पाच हजार शब्द पुष्कळ झाले. दोन हजारांतही उत्तम केस होते.

एआयची मदत घेतली तर?

परिषदेचं धोरण वाचा आणि वापर केला असेल तर तो सांगा. इंग्रजी सफाईदार करायला मदत घेण्यात मला काही गैर वाटत नाही. पण उद्योजक जे बोललेच नाहीत ते अवतरण, कंपनीने न दिलेला आकडा, अस्तित्वात नसलेला संदर्भ या वाटेने आत शिरला, तर ती त्या माणसाशी आणि विद्यार्थ्यांशी लबाडी आहे. शिवाय संस्थेची गोपनीय कागदपत्रं अशा साधनात टाकायची परवानगी तुम्हाला कुणी दिलेली नसते.

कोणत्या परिषदेला पाठवावी?

जिथे केस वाचली जाते तिथे. काही परिषदांमध्ये केसेससाठी वेगळा ट्रॅक असतो, तर काही संपूर्णपणे केस लेखनासाठीच असतात. १९५८ मध्ये स्थापन झालेली नॉर्थ अमेरिकन केस रिसर्च असोसिएशन दरवर्षी अशी परिषद भरवते आणि स्वतःचं जर्नलही चालवते. तिथे व्यासपीठावरून स्लाइड दाखवायच्या नसतात. लेखक गोलमेजाभोवती बसतात, गटातल्या इतरांच्या केसेस आधीच वाचून आलेले असतात आणि एकेका केसवर बराच वेळ बोलतात. अजून पूर्ण न झालेल्या केसेससाठीही तिथे जागा असते, नवख्यांनी तिचा विचार करावा.

याउलट चार दिवसांत ‘स्वीकृती’ कळवणारी, शुल्क आधी मागणारी, टीचिंग नोटचा उल्लेखही नसलेली परिषद दिसली तर दूर राहा. पदोन्नतीच्या गुणांची घाई मला कळते. पण वर्षभराचं काम कुणीही न वाचता फाइलला लागणं, हे त्या कामाचं आणि वेळ काढून बोललेल्या उद्योजकाचंही नुकसान आहे.

अपलोड करण्याआधी शेवटचं काय तपासायचं?

नाव लपवून परीक्षण असेल तर शीर्षकपान वेगळं करा, फाइलच्या प्रॉपर्टीजमधलं लेखकाचं नाव काढा, आणि ‘आमच्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी’ अशी वाक्यं शोधा, गाव तिथूनच कळतं. केस आणि नोट या दोन स्वतंत्र फाइली हव्यात. तक्त्यांच्या बेरजा कॅल्क्युलेटरवर पुन्हा करा. लोगो आणि फोटोंची परवानगी बघा. आणि मुदतीच्या दिवशी रात्री पोर्टल उघडायला जाऊ नका. मुदत दुसऱ्या देशाच्या घड्याळाप्रमाणेही असू शकते.

प्रोसीडिंग्जमध्ये, म्हणजे परिषदेच्या लेखसंग्रहात, पूर्ण केस छापू द्यावी का?

शक्य असेल तर फक्त सारांश द्या. पूर्ण केस छापून आली की अनेक जर्नल्स आणि केस-संग्रह ती ‘आधीच प्रकाशित’ मानतात. टीचिंग नोट तर कुठेच उघडी ठेवू नका. ती विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एकदा गेली की केस संपली.

परीक्षकांनी परत पाठवली. आता?

दोन दिवस बाजूला ठेवा, मग शेरे छापून घ्या. ‘निर्णय स्पष्ट नाही’ असा शेरा असेल तर पहिलं आणि शेवटचं पान पुन्हा लिहा. ‘विश्लेषण केसमध्ये आलं आहे’ असेल तर ते परिच्छेद उचलून नोटमध्ये न्या, बहुतेकदा तेवढ्याने काम होतं. ‘माहिती अपुरी’ असेल तर पुन्हा एकदा गाडी काढून त्या गावी जा. दुसऱ्या भेटीत माणसं जास्त मोकळी बोलतात, हा माझा दरवेळचा अनुभव आहे.

परिषद झाली, सूचना मिळाल्या. पुढे?

महिन्याभरात सुधारणा करा, आठवण ताजी असते. मजकूर बदलला असेल तर संस्थेकडून पुन्हा सही घ्या. मग जर्नलला किंवा केस-संग्रहाला पाठवा. आयआयएम अहमदाबादचा स्वतःचा संग्रह आहे, आणि ब्रिटनमध्ये क्रॅनफिल्डला १९७३ पासून चालू असलेलं ‘द केस सेंटर’ जगभरच्या केसेस वितरित करतं. केस छापून आली की एक प्रत घेऊन त्या उद्योजकाकडे जा, आणि जमलं तर ज्या दिवशी वर्गात ती शिकवणार असाल त्या दिवशी त्यांना मागच्या बाकावर बसायला बोलवा.